गॅरेजवरची पत्र्याची खोली: कमी खर्चात उन्हाळ्यात राहण्याजोगी कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा. गॅरेजच्या स्लॅबवर १२ बाय १५ फुटांची खोली आहे. भिंती साडेचार इंची विटांच्या, वर लोखंडी पर्लिनवर (पत्रा पेलणाऱ्या आडव्या दांड्यांवर) टाकलेला एकपाखी पन्हळी पत्रा. इतके दिवस अडगळ होती, आता मुलीला अभ्यासाला आणि झोपायला द्यायची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारानंतर आत थांबवत नाही, पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजात समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बजेट बेताचं आहे. एक टनाचा एसी घ्यावा की इन्सुलेशन करावं, आणि करायचं तर सुरुवात कुठून?

आधी छत, एसी नंतर. बहुतेक सगळा पैसा छतावरच जायला हवा. कारण आकड्यांत पाहा.

उन्हाळ्यात भर दुपारी छताच्या दर चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट ऊन पडतं. जुना मळलेला पत्रा त्यातलं निम्म्याहून जास्त शोषतो आणि बाहेर ४० अंश असताना स्वतः ६० ते ६५ अंशांवर जातो. तुमच्या खोलीचं छत सुमारे १७ चौरस मीटर. आत ३० अंश ठेवायचे म्हटले तर उघड्या पत्र्यातून दर चौरस मीटरला १४० वॅटच्या आसपास, म्हणजे एकूण जवळपास २,४०० वॅट उष्णता आत येते. एक टनाचा एसी ३,५०० वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. म्हणजे त्याची दोन-तृतीयांश ताकद पत्रा गिळणार, उरलेली भिंती, खिडकी आणि माणसं. एसी थांबणारच नाही आणि वीजबिल दर महिन्याला येत राहील.

तोच पत्रा चांगला पांढरा केला तर २,४०० चे साधारण १,३०० वॅट होतात. रंग न लावता फक्त ५० मिमी ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) आणि खाली जिप्सम सिलिंग केलं तर ३०० ते ४०० वॅट. दोन्ही केलं तर २०० च्या जवळ. ५० ऐवजी १०० मिमी लोकर टाकली तर? आणखी फक्त शंभर-सव्वाशे वॅट वाचतात. पहिल्या ५० मिलिमीटरमध्येच बहुतेक काम होतं. बजेट कमी असताना जाडी वाढवण्यापेक्षा तो पैसा सांधे, हवा आणि पश्चिमेची भिंत यांच्याकडे वळवावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत घराच्या छताचं यू-मूल्य (आत-बाहेर एक अंश फरक असताना दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा) १.२ च्या आत असावं असं म्हटलं आहे. ५० मिमी लोकर आणि सिलिंग नीट बसवलं तर ते ०.६ च्या आसपास येतं, उघड्या पत्र्याचं पाचच्या जवळ असतं.

पाणी आधी

गळणाऱ्या पत्र्याखाली इन्सुलेशन करणं म्हणजे पैसे भिजवणं. ओल्या लोकरीत हवेऐवजी पाणी भरतं, ती उष्णता अडवत नाही, वजनाने बसते आणि सिलिंगवर पिवळे डाग दिसू लागतात तोवर वर पर्लिन गंजलेली असते. म्हणून सिलिंगवाल्याला बोलावण्याआधी पत्रा तपासून घ्या. पाइपने पाणी सोडा, पण खालच्या टोकापासून सुरुवात करून वर सरका. प्रत्येक टप्प्याला दहा-पंधरा मिनिटं द्या आणि आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. सगळ्या पत्र्यावर एकदम पाणी सोडलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही, कारण थेंब पर्लिनवरून चार फूट वाहत जाऊन भलतीकडे पडतो.

सर्वात जास्त गळतो तो पत्रा आणि भिंत यांचा सांधा. तिथे नुसता सिमेंटचा गोळा मारलेला असतो. पत्रा उन्हात वाढतो, रात्री आकसतो आणि तो गोळा पहिल्याच वर्षी सुटतो. बरोबर पद्धत अशी: भिंतीत इंच-दीड इंच खोल खाच मारायची, पत्र्याच्या फ्लॅशिंगची (सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीची) वरची कड त्यात घालायची, खाच वॉटरप्रूफिंग घातलेल्या मालाने भरायची आणि फ्लॅशिंगची खालची बाजू पत्र्यावर किमान सहा इंच येऊ द्यायची.

त्यानंतर स्क्रू. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. ईपीडीएम (उन्हात टिकणाऱ्या रबराचा) वॉशर मागून घ्या. स्क्रू इतकाच आवळा की वॉशर थोडा फुगेल. पूर्ण चेपला की तो फाटतो, सैल राहिला की पाणी ओढतो. जुनं भोक मोठं झालं असेल तर एक साइज जाड स्क्रू घाला, भोकावर नुसतं सिलिकॉन थापू नका. आणि सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन जस्ताचा थर खातं आणि सांध्याजवळच गंज सुरू होतो.

पत्रा बोटाने दाबल्यावर आत जात असेल, जागोजागी चाळण झाली असेल, तर हिशेब बदलतो. नवा पत्रा, लोकर आणि सिलिंग यांची बेरीज करा आणि शेजारी पीयूएफ सँडविच पॅनेलचा (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेल्या पॅनेलचा) दर मांडा. ३० मिमीचं पॅनेल उष्णता अडवण्यात ५० मिमी लोकरीच्या जवळपास बसतं, खालचा पत्रा रंगीत असल्याने सिलिंगची गरज उरत नाही आणि उंची वाचते. पत्रा बदलायचाच असेल तेव्हा हाच पर्याय बऱ्याचदा स्वस्त पडतो. पत्रा धड असताना मात्र तो मोडून पॅनेल टाकण्यात अर्थ नाही.

छत सिमेंट पत्र्याचं असेल तर वेगळी काळजी घ्यावी लागते. जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. त्याला कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका, भोकं पाडणं टाळा. धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि तिचा त्रास फार उशिरा दिसतो. ओला करून हलक्या हाताने धुवा, वरून रंग द्या आणि सिलिंगचे आधार फक्त लोखंडी पर्लिनला घ्या. त्यावर थेट पाय देऊ नका, पर्लिनच्या रेषेवर फळी टाकून तिच्यावरूनच चाला.

पांढरा रंग

रुपयामागे सर्वात जास्त फरक यानेच पडतो आणि एका दिवसात होतो. इथे एक गैरसमज सर्रास आहे. चकचकीत नवा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पत्रा किंवा रुपेरी ॲल्युमिनियम रंग ऊन परतवतो म्हणून थंड राहील असं वाटतं. तसं होत नाही. धातूचा चकाकता पृष्ठभाग ऊन परतवतो खरा, पण जेवढं शोषतो ते सहजी बाहेर फेकत नाही, म्हणून तापतच जातो. पांढरा रंग दोन्ही करतो. डब्यावर सौर परावर्तन ०.७५ पेक्षा जास्त आणि उत्सर्जन ०.८५ ते ०.९ लिहिलेलं पाहून घ्या. नुसतं ‘कूल’ असं छापलेलं असून चालत नाही.

कृती साधी आहे, पण घाई चालत नाही. तारेच्या ब्रशने गंज काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. गंजलेल्या जागी झिंक फॉस्फेट प्रायमर. पत्रा नवा जीआय असेल तर आधी एच प्रायमर (etch primer, जस्ताला घट्ट धरणारा) लागतो, नाहीतर जस्ताच्या गुळगुळीत थरावरून रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग इलास्टोमेरिक (पत्र्याबरोबर ताणला जाणाऱ्या) ॲक्रिलिक पांढऱ्या रंगाचे दोन हात एकमेकांना आडवे. काम सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. तापलेल्या पत्र्यावर रंगातलं पाणी क्षणात उडतं, थर धरत नाही आणि पहिल्या पावसात सुटतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम.

मोजमाप करताना वळचण धरा आणि पन्हळीही धरा. तुमचं छत बाहेरून १४ बाय १७ असेल तर २३८ चौरस फूट, पन्हळीच्या वळणांमुळे १५ टक्के जास्त, म्हणजे सुमारे २७५ चौरस फूट रंग लागेल. डब्यावर दिलेला व्याप बहुधा सपाट जागेचा असतो. रंगारी पाणी जास्त घालून तेवढ्यात भागवतो आणि थर पातळ होतो. तिथे उभं राहणं योग्य.

चुन्याचं काय? सिमेंट पत्र्यावर डिंक किंवा ॲक्रिलिक चिकट घातलेला चुना एक उन्हाळा नीट काढतो आणि जवळपास फुकटात होतो. लोखंडी पत्र्यावर तो धरत नाही.

वर्षभरात धूळ बसून पांढरा रंग करडा होतो आणि त्याचा गुण घटतो. होळीच्या सुमारास एकदा पाइप आणि मऊ झाडूने छत धुऊन घ्यायचं. बाकी देखभाल नाही.

पत्रा आणि सिलिंग यांच्यामधली हवा

ही जागा फुकट मिळते आणि बहुतेक जण ती बंद करून टाकतात. पत्र्याखाली चार-सहा इंच पोकळी असेल आणि तिची दोन्ही टोकं उघडी असतील, तर तापलेली हवा चढाच्या बाजूने बाहेर जाते आणि उताराच्या बाजूने नवी येते. मोजमापाचा साधा नियम: सिलिंगच्या क्षेत्राच्या दीडशेव्या भागाएवढी मोकळी जागा, निम्मी वर, निम्मी खाली. तुमच्या खोलीला प्रत्येक बाजूला सुमारे ०.०५५ चौरस मीटर, म्हणजे १५ फुटी भिंतीवर सलग १२ मिमीची फट. जाळी लावल्यावर वाट कमी होते म्हणून २० मिमी धरा. पन्हळी आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागा बहुतेक वेळा एवढ्या असतातच. त्या सिमेंटने भरू नका, बारीक स्टीलची जाळी लावा. प्लॅस्टिकची जाळी उंदीर कुरतडतो. उघडं ठेवलं तर चिमण्या, गांधीलमाश्या आणि वटवाघळं येतात, आणि लोकरीत एकदा घूस शिरली की सगळं सिलिंग उतरवावं लागतं.

या वाऱ्याचं दुसरं काम घामाशी आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता फेकून बाहेरच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. खोलीत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ फटींतून वर जाते आणि पत्र्याच्या खालच्या अंगाला पाणी होऊन लटकते. पहाटे ते टपकतं आणि लोक गळती शोधत बसतात. कोकणात आणि गोव्यात हाच प्रकार पावसाळ्यातही होतो, कारण हवाच ओली. पोकळीला वारा असेल तर हे पाणी दिवसा उडून जातं. बंद पोकळीत ते लोकरीत मुरतं.

आता फॉइलबद्दल, कारण दुकानात सर्वात जोरात खपवला जातो तो हाच माल. ॲल्युमिनियम फॉइलची बबल शीट चार मिलिमीटरची असते. तिच्या जाडीत फारसं काही नाही, काम करतो तो चकाकता पृष्ठभाग, आणि तोही समोर किमान इंचभर हवा असेल तरच. ६५ अंशांचा पत्रा ३५ अंशांच्या पृष्ठभागाकडे दर चौरस मीटरला २०० वॅटच्या आसपास उष्णता नुसत्या किरणांनी टाकतो. मध्ये चकाकतं फॉइल आलं की ती दहा-पंधरा वॅटवर येते. पण पत्र्याला आणि सिलिंगला दोन्हीकडून चिकटवून टाकलं तर फॉइल म्हणजे फक्त पातळ धातू, तो उष्णता सरळ पुढे देतो. चकाकी वर असेल तर तिच्यावर दोन वर्षांत धूळ बसते आणि गुण जातो. खाली असेल तर ती टिकते. म्हणून चकाकी खालच्या अंगाला हवीच, दोन्हीकडे असली तर उत्तम.

बसवायचं असेल तर पर्लिनच्या खालून, छताच्या उतारानेच ताणून, एका शीटवर दुसरी १०० मिमी चढवून (लॅप), सांध्यावर ॲल्युमिनियम टेप मारून बसवा. पाठीला आयता गोंद असलेली शीट थेट पत्र्याला चिकटवू नका. ६५ अंशांत तो गोंद मऊ होतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात शीट झोळीसारखी लोंबते. चिकटवायचीच असेल तर रबरी ॲडेसिव्ह दोन्ही अंगांना लावा आणि खालून जीआय तारेचा आधार द्या.

तुमच्या बजेटमध्ये फॉइल की लोकर, एकच निवडायचं असेल तर लोकर. फॉइल मी फक्त दोन ठिकाणी आधी धरतो: खोलीची उताराकडची उंची सात फुटांच्या आसपास असल्याने सिलिंग करताच येत नसेल तर, आणि जिथे पत्र्याला घाम फार सुटतो तिथे, थेंब झेलायला.

लोकर आणि सिलिंग

ग्लासवूल ५० मिमी, घनता २४ किंवा ३२ किलो प्रति घनमीटर. रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) घेतलं तर ४८ किलोची स्लॅब. उष्णतेच्या बाबतीत दोन्ही सारखीच. रॉकवूल आवाज आणि आगीला थोडं सरस, पण महाग आणि जड. १५ फुटी खोलीला १६.७ चौरस मीटर, कापाकापीसाठी दहा टक्के धरून साडेअठरा चौरस मीटर माल मागवा. रोलची लांबी जाडीप्रमाणे बदलते, म्हणून रोलच्या संख्येवर नको, चौरस मीटरवर भाव ठरवा. दुकानदार २५ मिमीचा रोल दाखवून ‘हाच चालतो’ म्हणेल. त्याचा उपयोग निम्मा आहे.

थर्माकोल स्वस्त आहे, हलका आहे, भिजत नाही आणि तेवढ्याच जाडीत उष्णता लोकरीइतकीच अडवतो. तरीही गॅरेजवरच्या झोपायच्या खोलीत तो टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. खाली पेट्रोल आहे, कदाचित स्कूटरचा चार्जर आहे. थर्माकोल पेटला की जळते थेंब आणि काळा धूर सोडतो. ऐंशी अंशांच्या आसपास तो मऊ पडू लागतो, तापलेल्या पत्र्याला टेकवला तर आकसून सांधे उघडतात. आणखी एक गोष्ट वायरमनलाही माहीत नसते: पीव्हीसीची वायर थर्माकोलला टेकून राहिली की वायरच्या आवरणातला मऊपणा आणणारा घटक थर्माकोलमध्ये उतरतो आणि आवरण ठिसूळ होतं. पैशाअभावी वापरावाच लागला तर आगरोधक प्रतीचा, पत्र्यापासून अंतर ठेवून, वायर पाइपमध्ये आणि खाली १२.५ मिमी जिप्सम बोर्ड. सजावटीच्या थर्माकोल टाइल्सचं उघडं सिलिंग कोणत्याही परिस्थितीत नाही.

सिलिंगसाठी जिप्सम बोर्ड की दोन बाय दोनच्या टाइलचं ग्रिड? ग्रिड स्वस्त आणि उघडून वर पाहता येतं, गळक्या पत्र्याखाली हा मोठा फायदा. पण टाइलच्या कडांतून हवा आणि आवाज दोन्ही जातात. झोपायच्या खोलीला जिप्सम घ्यावं आणि उताराच्या बाजूला दीड फुटाचं झाकण ठेवावं. सामान असं लागेल: ६ बाय ४ फुटांचे १२.५ मिमी बोर्ड नऊ, १२ फुटी सिलिंग सेक्शन, म्हणजे बोर्ड ज्यांना स्क्रूने बसतो त्या पट्ट्या, अकरा (दर ४५० मिमीवर एक), इंटरमीजिएट चॅनेल चार (दर १,२०० मिमीवर), भिंतीलगतचे पेरिमीटर चॅनेल पाच, २५ मिमी ड्रायवॉल स्क्रू साडेतीनशे (दर २३० मिमीवर एक), सांध्यांची टेप आणि कंपाउंड. सिलिंगचं वजन लोकर धरून दर चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास, एकूण सव्वादोनशे किलो. फॅब्रिकेशनवाल्याला हा आकडा सांगून पर्लिन पेलेल का ते विचारा. पर्लिनमध्ये चार फुटांपेक्षा जास्त अंतर असेल किंवा ती वाकलेली दिसत असेल तर मधे एक एंगल वाढवून घ्या.

सिलिंग टांगायचे हँगर पर्लिनलाच. पत्र्याला एकही स्क्रू नाही. पीओपीवाले घाईत पत्र्यात स्क्रू मारतात, टोक वर निघतं आणि जूनमध्ये तिथून धार लागते.

सिलिंग सपाट करण्यापेक्षा उताराने नेलं तर खोलीची उंची राहते. बोर्ड एकेक चढवताना त्याच्या वर लोकरीचा तुकडा ठेवत जायचा, सेक्शनच्या मधे कोंबायचा नाही, वरून अंथरायचा. म्हणजे सेक्शनचं लोखंडही झाकलं जातं. दोन तुकडे एकमेकांना घट्ट भिडवा, पण दाबू नका. ५० मिमीची लोकर २५ मध्ये चेपली की गुण निम्मा. भिंतीच्या कडेपर्यंत न्या, फक्त उताराच्या टोकाला लोकरीवर इंचभर वाट मोकळी ठेवा, नाहीतर वाऱ्याचं तोंडच बुजतं. हे काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क. खोलीतली गादी-कपडे आधी बाहेर काढा, लोकरीचे तंतू त्यांत गेले की महिनाभर खाज सुटत नाही.

बोर्ड आणि भिंत यांच्यामधली फट ॲक्रिलिक सीलंटने भरून घ्या. वाफ, गरम हवा आणि पावसाचा आवाज तिघेही याच फटीतून येतात-जातात. पावसाचा आवाज हा पत्र्यावर होणारा मारा असल्याने त्याला जड आणि बंद थर लागतो. लोकर आणि जिप्सम मिळून तो बराच खाली आणतात. थर्माकोल किंवा नुसती फॉइल याबाबतीत निरुपयोगी, सैल फॉइल तर वाऱ्यात स्वतःच फडफडते.

वीजकाम सिलिंगच्या आधी उरकून घ्या. वायर कंड्युटमध्ये, जंक्शन बॉक्स लोकरीच्या बाहेर. सिलिंगमध्ये बसणारे खोलगट एलईडी दिवे नकोत. लोकरीखाली ते तापतात, लवकर जातात, शिवाय प्रत्येक दिव्याला एक भोक पडतं. वरून बसणारे पॅनेल घ्या. पंख्याचा हूक पर्लिनमधून, पाती सिलिंगपासून किमान फूटभर खाली. उंची कमी असेल तर भिंतीवरचा पंखा. एसी पुढे-मागे घ्यायचा असेल तर त्याची ४ चौरस मिमीची वायर आत्ताच ओढून ठेवा.

भिंती, खिडकी आणि रात्र

छत झालं की पुढचा तापदायक भाग पश्चिमेची भिंत. साडेचार इंची विटेची भिंत दुपारचं ऊन तीन-चार तासांनी आत सोडते, म्हणजे नेमकं संध्याकाळी सात ते दहा, अभ्यासाच्या वेळी. आतून इन्सुलेशन करण्यापेक्षा बाहेरून सावली करणं कितीतरी स्वस्त. भिंतीपासून सहा इंच ते फूटभर अंतरावर पाइपच्या चौकटीत शेडनेट किंवा बांबूची चटई, मागे हवा खेळती. जमिनीत माती असेल तर मधुमालतीचा वेल वर चढवा. ते शक्य नसेल तर निदान भिंत पांढरी करा. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही, ऊन खालून शिरतं. तिथे बाहेरून बांबूची चिक (गुंडाळता येणारा पडदा) हवी. आतला पडदा ऊन खोलीत आल्यावर अडवतो.

इन्सुलेशन केल्यावर एक बदल लक्षात घ्या. उघडा पत्रा रात्री पटकन गार होतो, सिलिंग झालेली खोली तशी होत नाही. भिंती आणि स्लॅबने दिवसभर साठवलेली उष्णता बाहेर काढायला चढाच्या भिंतीत वर एक नऊ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा आणि रात्री समोरची खिडकी उघडी ठेवून चालवा. सकाळी नऊला खिडक्या बंद. विदर्भ, मराठवाडा, नगर-सोलापूरच्या कोरड्या पट्ट्यात कूलर चांगला चालतो, पण त्याला हवा बाहेर जायला वाट हवी, बंद खोलीत तो फक्त दमटपणा वाढवतो आणि ती ओल सिलिंगच्या फटींतून लोकरीत जाते. कोकणात कूलरवर पैसे घालवू नका.

खालचं गॅरेज

थंड देशांतल्या व्हिडिओंमध्ये गॅरेजवरच्या खोलीची जमीन आधी इन्सुलेट करतात, कारण तिथे खालचं गार गॅरेज खोलीची ऊब पळवतं. आपल्याकडे तेच गॅरेज सावलीत असतं आणि स्लॅब खालून गार राहतो. उन्हाळ्यात तो तुमच्या बाजूने काम करतो. जमिनीखाली एक रुपयाही घालू नका. जमीन स्लॅबची नसून लोखंडी फ्रेमवर प्लायवूडची असेल तर मात्र खालून ५० मिमी रॉकवूल आणि जिप्सम बोर्ड लावावंच लागेल. ते थंडीसाठी नव्हे, आगीसाठी आणि आवाजासाठी.

गॅरेजमधला धूर आणि वाफ वर येऊ नये याकडे कमी लक्ष दिलं जातं, आणि त्यातला धोका जिवावरचा आहे. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्लॅबमधून वर गेलेल्या पाइप आणि वायरची भोकं मालाने किंवा फायर सीलंटने भरा, साधा पीयू फोम तिथे चालत नाही, तो जळतो. जिना गॅरेजमधूनच वर येत असेल तर त्याला दार हवं, आपोआप मिटणारं, कडेला रबर पट्टी लावलेलं. खिडकी शटरच्या थेट वर असेल तर गाडी सुरू करून तिथे उभी ठेवू नका, आणि शटर खाली असताना इंजिन तर कधीच नाही. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि एक स्मोक अलार्म बसवा. पेट्रोलची वाफ जड असल्याने खाली साठते, म्हणून गॅरेजच्या भिंतीत जमिनीलगत जाळीचा झरोका ठेवा आणि चार्जरचा पॉइंट वर, जमिनीपासून लांब.

पैसे एकदम नसतील तर

या वर्षी गळती, फ्लॅशिंग, पांढरा रंग, जाळ्या आणि भोकं बुजवणं. यात मजुरी कमी, बरंचसं घरी होतं आणि दुपारचा निम्मा भार जातो. पावसाळाभर पत्रा पाहा. एकही थेंब आला नाही तर दिवाळीनंतर वीजकाम, लोकर आणि सिलिंग. यातला मोठा खर्च लोकरीचा नसतो, सिलिंगच्या फ्रेमचा आणि मजुरीचा असतो, म्हणून लोकर नंतर टाकू असं म्हणून सिलिंग आधी बंद करू नका. पुन्हा उघडायला दुप्पट मजुरी जाते. पश्चिमेची सावली मार्चमध्ये. एवढं करून एक मे महिना काढा, खोलीत थर्मामीटर ठेवून दुपारी तीन आणि रात्री दहाचं तापमान लिहून ठेवा. दुपारी आतलं तापमान बाहेरच्या सावलीतल्या तापमानापेक्षा कमी राहत असेल तर छताचं काम नीट झालं आहे. आणि मग एसी घ्यायचाच ठरला, तर या खोलीला पाऊण टनाचा पुरेल.